हौशी रंगभूमीवरील हिब्रू प्रार्थना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपले सारे आयुष्य या वसई तालुक्यातील मुलांकडून आणि पोक्त माणसांकडून नाटके बसवून घेण्यात वेचले. तेव्हा त्यांच्या स्मृतीस अभिवादन करावयाचे तर ते नाटकाच्याच एखाद्या प्रश्नाने करावे, आणि तो प्रश्नही सभासंमेलनांतून वारंवार चर्चिला जाणारा नसून तालमीच्या खोलीत प्रत्यक्ष अडचण म्हणून उभा राहणारा असावा, असे मी ठरविले. प्रश्न असा आहे : एखादे हौशी मंडळ संगीत नाटक बसवावयास घेते, त्यात एक यहुदी कुटुंब आहे, शुक्रवारची सायंकाळ झालेली आहे, आणि संहितेत लेखकाने एवढाच मजकूर लिहून ठेवला आहे की येथे सर्वजण हिब्रू प्रार्थना म्हणतात. ज्या नटनटींना हिब्रूचे एक अक्षर येत नाही, ज्यांच्यापैकी निम्मी माणसे संध्याकाळच्या गाडीने चर्चगेटहून परत येऊन उभ्या उभ्या चहा घेऊन तालमीस लागतात, त्यांनी ती प्रार्थना कशी म्हणावी म्हणजे प्रेक्षकांस ती खरी वाटेल, आणि ज्यांची ती प्रार्थना आहे त्यांनी ती ऐकली तर त्यांच्या मनास क्लेश होणार नाहीत?

हा प्रश्न काल्पनिक नाही. शोलेम अलेखेम यांच्या यिद्दिश कथांवरून जोसेफ स्टाइन यांनी लिहिलेले, जेरी बॉक यांच्या संगीताने आणि शेल्डन हार्निक यांच्या पदांनी नटलेले 'फिडलर ऑन द रूफ' हे संगीत नाटक १९६४ साली न्यूयॉर्कला रंगभूमीवर आले, १९७१ साली त्याचा चित्रपट झाला, आणि तेव्हापासून जगाच्या पाठीवरील असंख्य शाळा, महाविद्यालये व हौशी मंडळ्या ते करीत आल्या आहेत. त्यातील शब्बाथचे, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतिदिनाचे, प्रसिद्ध गीत मूळ नाटकात इंग्रजी असले तरी त्याच्या भोवतीचा सारा विधी यिद्दिश बोलणाऱ्या पण हिब्रूत प्रार्थना करणाऱ्या घरातला आहे. आणि तो विधी रंगमंचावर कसा आणावा या विवंचनेत पडलेला दिग्दर्शक बहुधा पहिली धाव उच्चारांकडे घेतो. ध्वनिमुद्रणे मिळविली जातात, देवनागरीत शब्द उतरवून घेतले जातात, कंठातून काढावयाच्या वर्णांचा सराव सुरू होतो, आणि प्रयोगाच्या दिवशी पाहावे तो शब्द बऱ्यापैकी बिनचूक असूनही प्रार्थना मात्र कोठेच झालेली नसते. याचे कारण, माझ्या अल्प मतीप्रमाणे, हे की प्रार्थनेचा खरेपणा मुख्यत्वे शब्दांच्या उच्चारात नसून तिच्या प्रसंगात आणि तिला मिळणाऱ्या प्रतिसादात असतो. आणि या सिद्धान्ताचा पुरावा शोधण्यासाठी आपणांस युरोप-अमेरिकेस जाण्याचे कारण नाही, कारण तो आपल्याच कोकणच्या किनाऱ्यावर कित्येक शतके नांदत आलेला आहे.

बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा आपणांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. अलिबागेनजीक नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ग्रंथ आणि पोथ्या समुद्राने गिळल्या. पुढे ही मंडळी कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव पसरली, घाण्यावर तेल गाळू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजाऱ्यांनी त्यांस शनिवार तेली म्हटले. चेऊलकर, दिवेकर, केहीमकर, राजपूरकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे गावांच्या नावांवरून पडली. या दीर्घ कालखंडात त्यांच्याजवळ तोरा हा धर्मग्रंथ नव्हता, हिब्रू जाणणारा गुरू नव्हता, भाषा तर पूर्णपणे मराठी झाली होती. परंतु शेमा ही एक प्रार्थना तेवढी मुखोद्गत राहिली, आणि सुंता, विवाह, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी ती म्हटली जात असे. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी पुरुष या किनाऱ्यावर आला (त्याच्या काळाविषयी विद्वानांत मोठा मतभेद आहे) तेव्हा या तेल गाळणाऱ्या लोकांच्या मूळ धर्माची परीक्षा पाहण्याकरिता त्याने त्यांच्या स्त्रियांस मिश्र मासळी रांधावयास दिली, आणि त्यांनी खवले व पर असलेली मासळी तेवढी ठेवून बाकीची बाजूस काढली, अशी आख्यायिका आहे. ही ओळख पटल्यावर त्याने तीन घराण्यांतील माणसांना धर्मशिक्षण देऊन आपल्यामागे विधी चालविण्याचा अधिकार दिला, आणि समाज त्यांस काजी म्हणू लागला.

या कथेतील ऐतिहासिक अंश किती हे इतिहासकारांनी ठरवावे. नाटकवाल्याने तिच्यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. ज्या माणसांना शब्दांचा अर्थ सांगता आला नसता अशा माणसांच्या मुखी ती प्रार्थना शतकानुशतके प्रार्थनाच राहिली, ती केवळ घोकंपट्टी झाली नाही. कारण ती केव्हा म्हणावयाची, कोणाच्या देखत म्हणावयाची, ती म्हटल्यावर घरात काय घडते आणि काय घडत नाही, याचे ज्ञान त्यांच्या हाडीमांसी भिनलेले होते. अर्थ ठाऊक नसणे हा हौशी नटाचा मोठा अडथळा मानला जातो. पण कोकणातील या समाजाने सिद्ध करून दाखविले की तो दुय्यम अडथळा आहे. प्रसंग ठाऊक नसणे हा प्राथमिक.

याचाच एक भयंकर पुरावा खुद्द या वसईच्या मातीत पुरलेला आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याच अमलाखाली राहिली. या अवधीत, १५६० साली, गोव्यास धर्मसमीक्षण न्यायालय (इन्क्विझिशन) स्थापन झाले आणि त्याचा अधिकार या उत्तरेकडील मुलखावरही चालत असे. त्या न्यायालयाचे प्रथम लक्ष्य पोर्तुगालहून आलेले ते नवख्रिस्ती होते ज्यांच्या घराण्यांनी बळजबरीने बाप्तिस्मा घेतला होता, पण ज्यांच्या माजघरात जुना धर्म अजून तेवत असल्याचा संशय होता. वैद्यराज गार्सिया द ओर्ता, ज्यांचा हिंदुस्थानातील औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, ते अशाच घराण्यातले. १५६८ साली ते निवर्तले. पुढल्याच वर्षी त्यांच्या बहिणीस, कातारिना यांस, जिवंत जाळण्यात आले. आणि १५८० साली खुद्द ओर्तांची हाडे थडग्यातून उकरून काढून त्यांस अग्नी देण्यात आला. अशा न्यायालयांनी जी फर्माने लोकांस वाचून दाखविली त्यांत गुप्त यहुदी कसा ओळखावा याच्या खुणा दिलेल्या असत. आणि त्या खुणा पाहिल्या तर त्यांत हिब्रू शब्दांना फारसे स्थान नाही. शुक्रवारी संध्याकाळी नेहमीपेक्षा लवकर दिवा लागतो काय, वाती नव्या असतात काय, शनिवारी धुतलेले कपडे अंगावर चढतात काय, मेजावर स्वच्छ चादर पसरते काय, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहावे आणि कळवावे. ओठांतल्या ओठांत म्हटलेली प्रार्थना कोणास ऐकू येत नव्हती. परंतु तिच्या भोवतीचे घर बोलत होते, आणि त्या घराच्या बोलण्यावरून माणसे चितेवर चढत होती. ज्या खुणांवरून अत्याचार करणाऱ्यांनी प्रार्थना ओळखली त्याच खुणा आज आदराने आणि जाणतेपणाने रंगमंचावर मांडणे हे नटाचे काम आहे. आणि वसईच्या किल्ल्याच्या छायेत राहणाऱ्या मंडळीने ते करताना या इतिहासाचे भान ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

आता शुक्रवारचा प्रवेश घेऊ. मी त्यावर अंमळ रेंगाळणार आहे, कारण येथेच बहुतेक प्रयोग फसतात.

शब्बाथ सूर्यास्तास लागतो, आणि दिवे त्यापूर्वी लावावयाचे असतात. सूर्यास्तापूर्वी १८ मिनिटे हा पुष्कळ ठिकाणचा रिवाज आहे. म्हणजे या प्रवेशात पहिल्यापासून एक घाई आहे, आणि ती घाई नाट्यमय आहे : चूल आटोपावयाची आहे, मुलांच्या आंघोळी व्हावयाच्या आहेत, बाहेर गेलेला पुरुष वेळेवर परत यावयाचा आहे, आणि सूर्य कोणासाठी थांबत नाही. दिग्दर्शकाने ही घाई दाखविली नाही आणि पडदा उघडताच सर्व पात्रे शुचिर्भूत होऊन रांगेत उभी केली, तर प्रार्थनेनंतर घरात उतरणारी शांतता प्रेक्षकास मुळी जाणवणारच नाही. कारण शांततेचे मोल तिच्या आधीच्या गडबडीवरून ठरते. दिवे गृहिणी लावते. पूर्व युरोपातील घरांत, म्हणजे 'फिडलर'मधील अनातेव्हका गावासारख्या ठिकाणी, आधी दिवे लावले जातात, मग ती दोन्ही हात ज्योतींवरून आपल्याकडे ओढून घेते, डोळे झाकते, आणि डोळे झाकलेले असतानाच आशीर्वचन म्हणते. कारण ते वचन म्हणताच शब्बाथ लागला, आणि शब्बाथ लागल्यावर अग्नी पेटविता येत नाही. सेफार्दी परंपरेच्या कित्येक घराण्यांत मात्र वचन आधी आणि दिवे नंतर. तेव्हा आपल्या नाटकातले घर कोणत्या परंपरेचे आहे हे तालमीच्या पहिल्या दिवशीच ठरले पाहिजे; ते न ठरविता दोन्हींची मिसळ केली की जाणत्या प्रेक्षकाचा विश्वास तेथेच उडतो.

आणि दिवे लागल्यानंतर? यानंतर त्या घरातील कोणतेही पात्र काडी ओढणार नाही, चूल पेटविणार नाही, विडी शिलगावणार नाही, आणि प्रवेशाच्या शेवटी फुंकर घालून ज्योत मालविणार नाही. ती फुंकर मी रंगमंचावर पाहिली आहे. एका फुंकरीने मागची दहा मिनिटे वाया जातात. दिवे आपोआप विझेपर्यंत जळत राहावयाचे असतात, म्हणून प्रकाशयोजना करणाऱ्याने बाकीचा मंच अंधारवावा आणि ते दोन दिवे पुढच्या प्रवेशाचे सामान लागेपर्यंत तसेच ठेवावेत. नाट्यगृहाचे नियम उघड्या ज्योतीस परवानगी देत नसतील तर विजेचे दिवे वापरण्यात काही बिघडत नाही. ते विझविले जात नाहीत एवढे पाहिले म्हणजे झाले.

पुरुषांविषयी दोन गोष्टी. पोशाख करणारी मंडळी उत्साहाच्या भरात प्रत्येक पुरुषाच्या कपाळी व दंडावर तेफिलीनच्या, म्हणजे धर्मवचने ठेवलेल्या, पेट्या बांधतात. पण तेफिलीन शब्बाथच्या दिवशी बांधीतच नाहीत. प्रार्थनेचे तल्लीथ हे वस्त्रही सामान्यतः सकाळच्या प्रार्थनेचे आहे, शुक्रवारच्या रात्रीचे नव्हे. डोके झाकलेले असावे, कपडे स्वच्छ असावेत, एवढे पुरे. आणि दुसरी गोष्ट, एकसारखे मागेपुढे डोलणे ही यहुदी प्रार्थनेची अपरिहार्य खूण आहे अशी जी समजूत चित्रपटांनी रूढ केली आहे तिच्या आहारी जाऊन सर्व समुदायास एका तालावर डोलविणे हे अत्यंत असत्य दिसते. ज्याला डोलावेसे वाटेल तो आपल्या परीने डोलेल, दुसरा स्थिर उभा राहील. उभ्याने म्हणावयाची अमिदा ही जी मुख्य प्रार्थना आहे ती तर पुष्कळशी मौनाने, केवळ ओठ हलवून म्हणतात, आणि तिच्या आरंभी व अंती तीन पावले घेतात. संगीत नाटकात मौनास भ्यावयाचे कारण नाही. दोन पदांच्या मध्ये दहा माणसे नुसते ओठ हलवीत उभी राहिली आणि वाद्यवृंद थांबला, तर प्रेक्षागृह कान टवकारून ऐकू लागते.

हे घर कोकणातले असेल तर मात्र चित्र पालटते, आणि माझ्या दृष्टीने ते अधिक जवळचे होते. कोकणात द्राक्षासव सुलभ नव्हते म्हणून किद्दुशच्या, म्हणजे द्राक्षासवावरील आशीर्वचनाच्या, पेल्यात काळ्या मनुका भिजवून केलेले शरबत असे. वडील पुरुष मुलांच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देतो. प्रार्थना संपल्यावर माणसे एकमेकांचे हात हातांत घेऊन मग आपली बोटे ओठांस लावतात. या रिवाजास त्यांच्यात हातबोशी म्हणतात, आणि नटाच्या दृष्टीने याच्याइतकी बोलकी हालचाल मला दुसरी ठाऊक नाही. त्यांच्या प्रार्थनामंदिरास वडीलधारी मंडळी मशीद म्हणत. तेथील कारभार मुकादम, चौगुला, गब्बाय आणि प्रार्थना म्हणविणारा हज्जान यांच्याकडे असे. मुंबईचे पहिले असे मंदिर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधिले. आपणांस सर्वांत सोयीचे ठाण्याचे आहे, ते १८७९ सालचे. पोशाखाविषयी शंका असेल तर १८७४ साली पुण्यास छापलेला हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाची पोथी, पाहावा : त्यातील चित्रांत वल्हांडणाची बेखमीर भाकर करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. एलियाहू नबीच्या नावाने नवस फेडताना मलिद्याचे ताट मांडतात, त्यात गोड केलेले पोहे, खवलेला नारळ आणि फळे असतात, आणि त्या पोह्यांच्या ताटासमोर जी स्तुती म्हणतात ती शुद्ध हिब्रू. ज्या रंगभूमीस यहुदी घर दाखवावयाचे आहे, जिच्या प्रेक्षकांस पोहे आणि खोबरे घरचे आहे, तिने रशियातल्या खेड्याची नक्कल करण्यापूर्वी या ताटाकडे एकदा तरी पाहावयास नको काय?

कोणी म्हणेल की अशा घराचे नाटक मराठीत कोठे आहे? नाटक कदाचित लिहावे लागेल; परंतु हिब्रू कथाविषय मराठी प्रयोगरूपात आणण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, आणि त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची प्राचीन इस्राएलाची कथा ओवीबद्ध मराठीत सांगितलेली आहे. डॉक्टर जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले. १८४६ साली मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत शिळाछापावर निघाला. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्यात आपली हयात घालविली. आणि १८८० च्या सुमारास मुंबईतील बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदि बेने इस्राएल गृहस्थांनी हिंदू हरिदासांची कीर्तने ऐकून, तसाच पूर्वरंग-उत्तररंग, त्याच साक्या, दिंड्या आणि ओव्या घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावावयास आरंभ केला आणि त्यासाठी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले. त्याच १८८० साली, ३१ ऑक्टोबर रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग केला. एकाच वर्षाच्या आसपास मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला जातो आणि यहुदी कथा मराठी कीर्तनाच्या चालीत गाइली जाऊ लागते, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. पुढे १९३१ साली हिंदुस्थानचा पहिला बोलपट 'आलम आरा' निघाला तोही जोसेफ डेव्हिड या बेने इस्राएल नाटककाराच्या नाटकावरून, आणि 'बूट पॉलिश'मधील जॉन चाचा म्हणून घरोघर परिचित झालेले डेव्हिड हे मूळचे चेऊलकर.

आपल्या रंगभूमीचा आणखी एक विशेष येथे कामास येतो. मराठी संगीत नाटकाचा आरंभ नांदीने होतो. आणि नांदी गाणारा नट, तिसरी घंटा ऐकून सावरून बसलेला प्रेक्षक, व पडद्यामागे नारळ वाढविणारा व्यवस्थापक, हे तिघेही त्या क्षणी अभिनय करीत नसतात. रंगमंचावरील प्रार्थना ही खरीही असू शकते, हे आपल्या प्रेक्षकास कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या या संस्कारावर भिस्त ठेवावी, आणि हिब्रू प्रार्थनेस परदेशी चमत्कृती म्हणून सजवू नये.

आता प्रतिसादाकडे वळतो, कारण माझ्या प्रतिपादनाचा तो गाभा आहे. यहुदी प्रार्थनेत एकट्याने म्हणावयाचे पुष्कळ आहे, परंतु तिची मोठी अंगे दहा प्रौढांची सभा भरल्याखेरीज होत नाहीत. मृतांच्या नावाने म्हणावयाचा कद्दीश (जो बहुतांशी हिब्रू नसून अरामी भाषेत आहे, हेही तालमीत लक्षात असावे) तर सभेच्या प्रतिसादाखेरीज उभाच राहत नाही. आमेन केव्हा आणि कसे म्हणावे याविषयी तालमुद या धर्मशास्त्रग्रंथात सूक्ष्म नियम आहेत : ते घाईने तोडू नये, वचन पुरे होण्याआधी म्हणू नये, आणि ज्याने मुळात वचन ऐकलेच नाही अशाने म्हटलेले आमेन अनाथ समजावे. दिग्दर्शकास याहून उत्तम सूचना कोणता नाट्यशास्त्रज्ञ देणार? हौशी मंडळीत मुख्य नटास आठ दिवस शिकविले जाते आणि समुदायातील मंडळींस शेवटच्या दोन तालमींत उभे केले जाते. ती बिचारी मुख्य नटाकडे पाहत, खूण मिळाली की आमेन म्हणून मोकळी होतात. ही सारी अनाथ आमेने. उलट, मुख्य नटाचे हिब्रू सामान्य असले, पण भोवतीची आठ-दहा माणसे त्याचा शब्द न् शब्द ऐकत आहेत, कोठे वचन संपते हे त्यांस सवयीने ठाऊक आहे, एखादे मूल किंचित उशिरा म्हणते आणि आई त्याच्याकडे पाहते, असे दिसले, की प्रेक्षकाला शंका उरत नाही. म्हणून माझी अशी सूचना आहे की समुदायाची तालीम आधी घ्यावी आणि नायकाची नंतर.

याचे एक उदाहरण पाहा. मॉस्को येथे १९२२ च्या जानेवारीत हबीमा या मंडळीने आन्स्की यांचे 'दिब्बुक' हे नाटक कवी बियालिक यांच्या हिब्रू भाषांतरात केले. दिग्दर्शक वाख्तांगोव आर्मेनियन घराण्यातले. त्यांस हिब्रू येत नव्हते, आणि प्रेक्षकांतील फार मोठ्या भागासही येत नव्हते. तो प्रयोग विसाव्या शतकातील थोर प्रयोगांत गणला जातो, आणि त्यातील समुदायदृश्ये आजही नाट्याभ्यासक डोळ्यांपुढे आणून वर्णितात. न्यूयॉर्कला 'फिडलर' बसविताना जेरोम रॉबिन्स यांनीही सनातनी यहुद्यांच्या विवाहांना जाऊन माणसे कशी जमतात, कशी नाचतात हे डोळ्यांनी पाहून घेतले होते. दोघांनीही प्रथम सभा पाहिली.

उच्चारांचे प्रकरण मी थोडक्यात आटोपतो. पूर्व युरोपातील घर असेल तर 'शब्बोस' आणि कोकणातील असेल तर 'शब्बाथ', कारण बेने इस्राएलांचा प्रार्थनापाठ सेफार्दी पद्धतीचा आहे. एकदा निवडलेली पद्धत शेवटपर्यंत पाळावी. सेफार्दी पद्धतीत आघात बहुधा शब्दाच्या अंत्यावयवावर पडतो, आणि मराठी नट सवयीने तो आरंभी देतो, तिकडे लक्ष असावे. हिब्रूतील जो वर्ण इंग्रजी शिकलेल्यांस अवघड जातो तो आपल्या 'चाक' आणि 'चमचा' यांतील दंत्य च आहे, तेव्हा तेथे मराठी माणसाने परक्याच्या ध्वनिमुद्रणाचे अनुकरण करण्याचे मुळीच कारण नाही. कंठातून येणारा ह जमला नाही तर साधा ह म्हणावा. ओढूनताणून काढलेला खाकरा त्याहून वाईट.

एका बाबतीत मात्र तडजोड नसावी. परमेश्वराचे जे नाम प्रार्थनेत 'अदोनाय' असे उच्चारतात ते प्रार्थनेबाहेर उच्चारू नये, आणि आशीर्वचन निष्कारण म्हणू नये, असा धर्मनियम आहे. तालीम म्हणजे तर पुनःपुन्हा निष्कारण म्हणणेच. यावर त्या समाजानेच मार्ग काढला आहे : शिकताना व गाताना नामाच्या जागी 'हाशेम' किंवा 'अदोशेम' म्हणतात. तालमीत असे म्हणावे, आणि प्रयोगात काय म्हणावे याचा निर्णय जाणत्या यहुदी गृहस्थाचा सल्ला घेऊन करावा. तो नको म्हणाला तर प्रयोगातही बदललेले रूपच ठेवावे. प्रेक्षकांतील कोणासही त्याने उणेपणा वाटणार नाही. संहितेच्या प्रती देवनागरीत काढाव्यात, कारण हिब्रू अक्षरांत नाम लिहिलेला कागद टाकून देता येत नाही, त्यास यथाविधी पुरावे लागते. खरा तोरा मंचावर आणण्याचा हट्ट कोणी धरू नये.

वसईच्या कलावंतांविषयी मला जो विशेष भरवसा वाटतो त्याचे कारण सांगतो. या तालुक्यातील ख्रिस्ती घरांतून आजही अशी वृद्ध माणसे आहेत ज्यांचे बालपण लॅटिन मिस्सा ऐकण्यात गेले. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली, तोपर्यंत शेतात आणि वाडीत राबणारी, घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी माणसे लॅटिन प्रतिसाद अचूक वेळी, अचूक सुरात देत होती. अर्थ विचारला असता तर थोड्यांनाच सांगता आला असता. पण घंटा झाली की गुडघे टेकावयाचे, अमुक शब्द आला की मान लववावयाची, हे कोणास शिकवावे लागत नव्हते. अशा आजीस तालमीस बोलवावे आणि समुदायातील मुलांस तिच्या शेजारी बसवावे. लॅटिन आणि हिब्रू या भाषा निराळ्या, पण परभाषेतील प्रार्थनेसमोर शरीर कसे वागते हे ती त्यांस शिकवू शकेल. शिवाय आमेन, हालेलूया, होसान्ना हे हिब्रू शब्द वसईच्या मुखात सोळाव्या शतकापासून आहेत. हिंदू घरांतून आलेल्या मुलांनीही संध्या किंवा पूजासांगता ऐकलेली असते. या मंडळास हिब्रू प्रार्थना परकी वाटण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानात सुमारे २०,००० बेने इस्राएल होते. पुढे बहुसंख्य इस्राएलास गेले, तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवू लागले, आणि येथे काही हजार उरले. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. ज्यांच्याकडून ही प्रार्थना ऐकून घ्यावी अशी माणसे ठाण्यास आणि मुंबईस अद्याप आहेत, आणि त्यांतील वडीलधाऱ्यांचे मराठी आपल्यापेक्षा जुने व गोड आहे. नाटक करणाऱ्यांनी त्यांच्याकडे जावे, परवानगी मागावी, शुक्रवारच्या सायंकाळी मागे बसून सभा कशी भरते ते पाहावे. तेथे टिपण करू नये आणि ध्वनिमुद्रणही करू नये, कारण शब्बाथच्या दिवशी ते त्यांच्या दृष्टीने अनुचित आहे.

आणि त्यांस प्रयोगास बोलवावयाचे असेल तर एक व्यवहाराची गोष्ट आधीच पाहिली पाहिजे. हौशी मंडळ्या आपला प्रयोग सहसा शनिवारी लावतात, कारण त्या दिवशी नोकरदार प्रेक्षक मोकळा असतो. पण शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ पाळणारा मनुष्य गाडीत बसून वसईस येऊ शकणार नाही. म्हणजे ज्यांची ही प्रार्थना आहे नेमके त्यांनाच वगळून तो प्रयोग होईल. तेव्हा नाट्यगृहाची तारीख घेताना रविवार मागावा, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येणारे त्यांचे नववर्ष, प्रायश्चित्ताचा उपवास आणि मांडवांचा सण हे दिवस ठाण्याच्या प्रार्थनामंदिरात विचारून टाळावेत, आणि ते झाल्यावरच जाहिराती छापावयास द्याव्यात.